अ‍ॅकॅडेमिक फ्रेझबँक: निष्कर्षाची वाक्यं तयार मिळतात, जोर मात्र आपणच ठरवायचा

‘अ‍ॅकॅडेमिक फ्रेझबँक’ ही मँचेस्टर विद्यापीठाची वेबसाइट. जॉन मॉर्ली यांनी ती उभी केली. वापर मोफत आहे. इंग्रजीत प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिताना लागणारी साचेवजा वाक्यं तिथे कामानुसार लावून ठेवली आहेत. संग्रहाची सुरुवात झाली ती त्याच विद्यापीठातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे 100 प्रबंध चाळून, त्यांतली वाक्यं वेचून. इथे सगळ्या साइटचं परीक्षण नाही. हाती आलेल्या पुराव्यावरून अनुमान काढायचं आणि ते पुराव्याला पेलेल एवढ्याच जोराने मांडायचं, या एका कामाला साइट किती उपयोगी पडते, तेवढंच पाहू.

‘रायटिंग कन्क्लूजन्स’ हे पान आधी उघडू नका. नाव बघून सगळे तिथेच जातात, पण ते पान शेवटच्या प्रकरणासाठी आहे: उद्दिष्टांची उजळणी, निष्कर्षांचा सारांश, मर्यादा, शिफारशी. अनुमानाची वाक्यं विखुरली आहेत तीन ठिकाणी. ‘डिस्कसिंग फाइंडिंग्ज’मध्ये निकालाचा अर्थ कसा लावायचा ते सापडतं. ‘बीइंग कॉशस’मध्ये दावा सौम्य कसा करायचा ते, आणि ‘एक्सप्लेनिंग कॉजॅलिटी’मध्ये कार्यकारणाची वाक्यं. ही तीन पानं तीन टॅबमध्ये उघडून ठेवली की निम्मं काम झालं.

साइटची खरी उणीव इथून पुढे सुरू होते. वाक्यं एकाखाली एक दिलेली आहेत, पण कोणतं किती जोराचं, ते बहुतेक ठिकाणी सांगितलेलं नाही. ‘धिस इंडिकेट्स दॅट’ आणि ‘धिस सजेस्ट्स दॅट’ यांत फरक काय, हे ज्याला आधीच माहीत आहे त्याचंच तिथे भागतं. नवखा माणूस दोन्ही समानार्थी समजतो आणि आलटूनपालटून वापरतो, कारण एकच क्रियापद पुन्हा आलं की वाईट दिसतं असं शाळेत शिकवलेलं असतं.

उदाहरण घेऊ. समजा, कांद्याच्या प्रयोगात ठिबकवरच्या वाफ्यांत जांभळा करपा हा बुरशीजन्य रोग कमी दिसला आणि तुषार सिंचनाच्या वाफ्यांत जास्त. ‘द इन्सिडेन्स वॉज लोअर अंडर ड्रिप’ हा नुसता निकाल आहे, अनुमान नव्हे. इथे ‘इट कॅन बी कन्क्लूडेड दॅट’ जोडलं तर तक्त्यातला आकडा निष्कर्षाचे कपडे घालून उभा राहतो. अनुमान त्याच्या पुढच्या पायरीवर आहे: पान ओलं राहिलं की या बुरशीला फावतं, ठिबकमध्ये पान कोरडं राहतं, म्हणून करपा कमी झाला असावा. प्रयोग एकाच हंगामाचा असेल आणि पान किती तास ओलं राहिलं हे मोजलेलं नसेल, तर इंग्रजीत क्रियापद येईल ‘सजेस्ट’, आणि आतल्या उपवाक्यात ‘मे’: ‘धिस सजेस्ट्स दॅट ड्रिप इरिगेशन मे लिमिट द डिसीज’. दोन-तीन हंगाम तोच कल दिसला असेल आणि ओलाव्याची नोंदही असेल, तर ‘इंडिकेट’पर्यंत चढता येतं. वाफ्यांची विभागणी यादृच्छिक, पुनरावृत्ती पुरेशी आणि इतर कारणं बाजूला काढलेली असतील, तर ‘शो’ किंवा ‘डेमन्स्ट्रेट’. ‘प्रूव्ह’ गणितासाठी राखून ठेवा. भूमितीच्या वहीत तीन टिंबांचं ‘म्हणून’ आणि शेवटी ‘हेन्स प्रूव्हड’ लिहिण्याची सवय दहावीपर्यंत एवढी पक्की होते की पुढे ती मातीच्या नमुन्यांनाही लावली जाते.

उपवाक्यात ‘लिमिट’च्या जागी येणाऱ्या क्रियापदाबद्दलही थोडं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच माहीत असेल तर ‘इज असोशिएटेड विथ’. ‘लीड्स टु’, ‘रिझल्ट्स इन’, ‘रिड्यूसेस’ ही कार्यकारणाची क्रियापदं आहेत. ‘एक्सप्लेनिंग कॉजॅलिटी’च्या पानावर ठाम वाक्यं आणि सावध वाक्यं वेगवेगळी काढलेली आहेत, हे चांगलं केलं आहे. सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधाने त्यातला सावध भागच वापरावा.

साइटवर जे फारसं नाही, ते अनुमानाच्या वाक्यांचं व्याकरण. मराठीत ‘झाला असणार’, ‘झाला असावा’, ‘झाला असेल’ अशा पायऱ्या आपण न विचार करता वापरतो. इंग्रजीत त्या ‘मस्ट हॅव’, ‘प्रॉबेब्ली’ आणि ‘मे हॅव’ यांच्याजवळ जातात, आणि सगळ्यांसाठी ‘मस्ट’ वापरलं की घोटाळा होतो. ‘मस्ट हॅव’ म्हणजे दुसरी शक्यताच उरलेली नाही. रोपं लावताना तपासली तेव्हा निरोगी होती, म्हणून ‘इन्फेक्शन मस्ट हॅव ऑकर्ड आफ्टर ट्रान्सप्लांटिंग’ असं लिहायचं, तर लक्षणं दिसण्याआधीच बुरशी रोपात शिरलेली नव्हती हेही दाखवावं लागेल. ते दाखवता येत नसेल तर ‘इज लाइकली टु हॅव ऑकर्ड’. नकारार्थी अनुमानात ‘मस्ट नॉट हॅव’पेक्षा ‘कॅनॉट हॅव’ लिहावं.

‘सजेस्ट’चीही एक खोच आहे. अनुमानाच्या अर्थाने आलं तर पुढचं क्रियापद नेहमीसारखं चालतं: ‘सजेस्ट्स दॅट द फंगस स्प्रेड्स’. शिफारशीच्या अर्थाने आलं तर मूळ रूप: ‘वी सजेस्ट दॅट द क्रॉप बी इरिगेटेड’. ‘सजेस्ट्स टु’ दोन्हीकडे चूक. ‘इन्फर’ आणि ‘इम्प्लाय’ यांची अदलाबदल तर रोजची: आकडे सूचित करतात ते ‘इम्प्लाय’, त्यावरून माणूस अनुमान काढतो ते ‘इन्फर’. ‘द डेटा इन्फर दॅट’ हे वाक्य परीक्षकाच्या लाल पेनासाठीच जन्माला येतं.

विरामचिन्हांतही गफलत होते. ‘देअरफोर’ दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये आला तर त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो, नुसता स्वल्पविराम पुरत नाही. ‘अँड देअरफोर’ असेल तर स्वल्पविराम चालतो. ‘हेन्स’ला पुढे नुसतं नामही चालतं, ‘देअरफोर’ला तसं सहसा चालत नाही. साइटवरचं वाक्य कॉपी करताना पुढचा-मागचा भाग आपला असतो, म्हणून चूक नेमकी सांध्यावर होते.

काही मार्गदर्शकांना ‘सजेस्ट’ आणि ‘मे’ म्हणजे कच खाणं वाटतं. त्यांना डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा 1953 सालचा ‘नेचर’मधला वॉटसन आणि क्रिक यांचा लेख दाखवावा. डीएनएची प्रत कशी तयार होत असावी, हा त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा त्यांनी ‘सजेस्ट’ हे क्रियापद आणि ‘पॉसिबल’ हे विशेषण वापरून एका वाक्यात मांडला. दोन सावध शब्द, तिसरा नाही. साधारण तीच मर्यादा पाळावी. ‘इट मे पॉसिबली सीम टु सजेस्ट’ असं लिहिलं की वाक्यात दावाच उरत नाही, आणि ‘बीइंग कॉशस’चं पान उघडून भराभर उचलणाऱ्यांच्या लिखाणात हेच होतं.

वापरायची रीत अशी ठेवा. आधी अनुमान मराठीत, साध्या एका वाक्यात लिहा. त्याखाली पुरावा लिहा: किती नमुने, किती हंगाम, तुलना कशाशी. मग ‘दुसरं कोणतं कारण असू शकेल?’ याचं उत्तर. हे तीन झाल्यावरच क्रियापद ठरवा आणि त्यानंतर फ्रेझबँकेतून साचा उचला. उलट क्रमाने, म्हणजे साचा आवडला म्हणून त्यात आपला निकाल कोंबला, तर दावा साच्याच्या मापाचा होतो, पुराव्याच्या नाही. उचललेल्या साच्यात ‘धिस’च्या पुढे नाम घालायला विसरू नका. ‘धिस सजेस्ट्स’मधलं ‘धिस’ म्हणजे मागचा आकडा, मागचं वाक्य की अख्खा परिच्छेद, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘धिस डिफरन्स सजेस्ट्स’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

तयार वाक्यं वापरली तर वाङ्मयचौर्य ठरेल का, ही भीती बहुतेकांना असते. हे साचे आशयाविना आहेत, म्हणून साइट ते वापरायला मोकळीक देते. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, आणि सर्वसामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडे मोजणीतून वगळायचे आहेत. साच्यांचा स्थिर भाग एरवी त्याहून बराच आखूड असतो. साधर्म्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तो तरी रंगवला, तर अहवाल काढताना असे तुकडे वगळणाऱ्या गाळण्या (फिल्टर) लावल्या आहेत का ते ग्रंथालयात विचारावं. दुसऱ्याच्या लेखातलं आशयासकट वाक्य उचलणं हा मात्र वेगळा प्रकार, त्याला ही सवलत नाही.

जोडीला ‘स्केल’ (SKELL) हे मोफत ऑनलाइन साधन ठेवावं. त्यात शब्द टाकला की वापरातली 40 पर्यंत वाक्यं आणि त्या शब्दाचे नेहमीचे सोबती दिसतात. ‘इंडिकेट’चा कर्ता कोण असतो, ‘कन्क्लूजन’बरोबर ‘ड्रॉ’ येतं की ‘टेक’, असे प्रश्न तिथे सुटतात, फ्रेझबँकेत नाही. फ्रेझबँकेची विकतची पीडीएफ आवृत्तीही आहे, पण या कामापुरती मोफत पानं पुरतात. इंग्रजीतली साधी वाक्यरचनाच डळमळीत असेल त्याने मात्र आधी व्याकरण पक्कं करावं. साच्यातला भाग सुबक आणि त्याला जोडलेला आपला भाग मोडका, हा फरक परीक्षकाला लगेच दिसतो.

सादर करण्याआधी फाइलमध्ये ‘प्रूव्ह’, ‘डेफिनेटली’, ‘क्लिअरली’, ‘मस्ट’ हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी पुरावा ताडून पाहा. मग एकच अनुमान गोषवाऱ्यात, चर्चेत आणि शेवटच्या प्रकरणात कोणत्या क्रियापदाने मांडलं आहे ते शेजारी ठेवून बघा. चर्चेत ‘मे रिड्यूस’ असलेलं वाक्य गोषवाऱ्यात शब्दमर्यादेपायी ‘रिड्यूसेस’ होऊन बसलेलं पुष्कळदा सापडतं.