जुन्या लॅपटॉपला एसएसडी टाकून नऊ महिने झाले, माझा अनुभव

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क. बाबांचा लॅपटॉप, प्रोसेसर इंटेल आय३ पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, २०१६ ला घेतलेला. इतका स्लो झाला होता की बटण दाबून बाबा चहा ठेवायला जायचे आणि चहा पिऊन झाला तरी स्क्रीनवरचं गोल फिरतच असायचं. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात दाखवला, तर त्याने न उघडताच सांगितलं, प्रोसेसर जुना झालाय, नवीनच घ्या. मला याचा आजही राग येतो, कारण घरी येऊन टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर ९ टक्के आणि डिस्क १०० टक्के, पाच मिनिटं झाली तरी खाली यायचं नाव नाही. प्रोसेसर रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट बघत होता!

ही डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, ऐकायला भारी वाटतं पण एका फेरीला ११ मिलिसेकंद जातात, आणि विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइली लागतात, प्रत्येकीसाठी हेड सरकणार, मग तबकडी फिरून तो भाग समोर येईपर्यंत थांबणार. कान लावला की करकर ऐकू यायची. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळा फरक तिथेच. म्हणून स्पीडचे आकडे बघून महागातली घेऊ नका, साटा पोर्ट (डिस्क जिथे जोडतात ती जागा) तसाही सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही.

लॅमिंग्टन रोडवरून २४० जीबीची एसएसडी आणि ४ जीबी डीडीआर३एल रॅम आणली. त्यातला एल (कमी व्होल्टेजची) बघूनच घ्या, साधी डीडीआर३ या प्रोसेसरला चालत नाही. मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीत धुळीची पट्टी दाबून बसलेली, चिमट्याने अख्खी निघाली (घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, खिडकी उघडली की धूळ आत). प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावतात ती थर्मल पेस्ट पण बदलली. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) न करता विंडोज नव्याने टाकलं. चालू व्हायला आधी साडेतीन मिनिटं लागायची, आता वीस सेकंद, आणि नऊ महिन्यांनी पण तेवढीच.

मध्ये १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ११ ला इंटेलची आठवी जनरेशन लागते, जुगाड करून टाकता येतं पण ज्यावर बँकेचं काम होतं त्यावर मला ते नको होतं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. बाबांना इनस्क्रिप्टची (मराठी टाइप करायच्या कीबोर्डची) सवय, तो कीबोर्ड तिथेही मिळाला, आठवड्यात हात बसला.

रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगची साफसफाई करतो म्हणणारे प्रोग्रॅम) वगैरे काही टाकू नका, उलट तेच स्टार्टअपला येऊन बसतात. आणि बॅकअप ठेवाच, हार्ड डिस्क जाण्याआधी बरेचदा आवाज तरी करते, एसएसडी अचानक जाऊ शकते. जुनी डिस्क तपासली, चांगली निघाली, यूएसबी केसिंगमध्ये घातली, दर रविवारी फोटो आणि पेन्शनचे कागद तिच्यावर कॉपी होतात.

बॅटरीत मात्र काहीच फरक नाही, एक तास जेमतेम जाते. पुढच्या महिन्यात ती बदलतोय.