अर्ज फेटाळला: पुनर्विलोकन करायचं की थेट उच्च न्यायालयात जायचं?

समजा, सोलापुरातल्या एका प्राध्यापकांनी पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कच्या थरासाठी नवा मिश्रधातू तयार केला. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मात्र ‘घटकांचं हे प्रमाण जुन्या पेटंटच्या टप्प्यातच बसतं’ म्हणून पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली पेटंटचा अर्ज फेटाळला. आता पुढे काय?

पुनर्विलोकन, म्हणजे त्याच कार्यालयाला आपला आदेश पुन्हा तपासायला लावणं, स्वस्तात होतं. फॉर्म २४ भरायचा, मुदत एक महिना, विनंती केली तर आणखी एक. पेटंट एजंटच सगळं बघतो, सोलापूर सोडावं लागत नाही. पण आदेशातली उघड चूक दाखवावी लागते: तुमचा तक्ता विचारातच घेतला नाही, भलताच दस्तऐवज धरला, असं काहीतरी. नुसतं ‘निर्णय पटला नाही’ म्हणून भागत नाही. शिवाय पुनर्विलोकनाचं कलम ७७ हे कलम ११७अ च्या अपीलयोग्य यादीत नाही, म्हणजे पुनर्विलोकन फेटाळलं तर त्यावर या कलमाखाली अपील होत नाही. आणि तिकडे मूळ आदेशावर अपील करायचे तीन महिने सरतच असतात.

२०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झाल्यापासून अपील थेट उच्च न्यायालयात जातं. वकील लागतो, खर्च वाढतो, आणि जिंकलात तरी अनेकदा प्रकरण फेरविचारासाठी कार्यालयाकडेच परत येतं.

तरीही वाद मिश्रधातूच्या गुणांचा असेल तर मी अपीलच सुचवेन, कारण खरा मुद्दा इथे टक्केवारीचा नसतो. डीव्हीडी-रॅममधला जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमचा थर पुसताना खुणेच्या (लिहिताना उमटलेल्या अस्फटिक ठिपक्याच्या) आतच असंख्य स्फटिककण उगवतात. सीडी-आरडब्ल्यूमधल्या चांदी-इंडियम-अँटिमनी-टेल्युरियममध्ये स्फटिक खुणेच्या कडेने आत सरकतो, त्यामुळे खूण जितकी लहान तितकी ती लवकर पुसली जाते. दोन्हींत लिहिताना लेसर थर वितळवतो आणि तो झटकन थंड होऊन काचेसारखा अस्फटिक होतो. पुसण्याची रीत मात्र वेगळी. तुमच्या धातूने ही रीत बदलली असेल, तर ‘एक मूलद्रव्य काढून दुसरं घातलं, त्यात काय मोठं’ हा आक्षेप लंगडा पडतो. नुसत्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही, या कलम ३(ई) च्या आक्षेपालाही उत्तर तिथेच मिळतं.

दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागता ती अर्जातली विधानं, अरुंद करायची तयारी ठेवा. कलम ५९ रुंद करू देत नाही. बाकी आता डिस्क घेतं कोण, हा प्रश्न रास्त आहे. पण याच जातीचे धातू फेज-चेंज मेमरी चिपमध्येही (स्फटिक-अस्फटिक बदलातून माहिती साठवणाऱ्या चिपमध्ये) वापरतात. तुमच्या दाव्यांत फक्त ‘डिस्क’ लिहिलेलं असेल, तर वकिलाची फी भरण्याआधी तेवढं तपासा.