आठ महिने आठ ट्रॅकवर: लॅपटॉप मिटून भजन रेकॉर्ड करताना

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात रेकॉर्डिंगचं यंत्र घरी आलं, आणि परवा कार्तिकी एकादशी झाली. मधले पाच आठवडे ते दुरुस्तीसाठी मुंबईत जाऊन बसलं होतं. ते सोडले तर बाकीचे दिवस ते आमच्या माजघरात, देवळाच्या सभामंडपात नाहीतर माझ्या स्कूटरच्या डिकीत असतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर दुरुस्तीच्या बिलाचा वाद अजून मिटलेला नाही, आणि दुसरं म्हणजे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही यंत्राला लागू पडेल.

यंत्र म्हणजे दिवाळी अंकाएवढा, थोडा जाड, प्लॅस्टिकचा डबा. एकूण आठ ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे भरून एकत्र ऐकायचे आठ कप्पे, पण एका वेळी रेकॉर्ड होतात फक्त दोन. प्रत्येक ट्रॅकला आवाज कमी-जास्त करायचं वेगळं बटण. समोर दोन छोटे माइक बसवलेलेच आहेत, मागे बाहेरचे दोन माइक लावायची सोय, चार पेन्सिल सेल, एक मेमरी कार्ड. पडदा आहे, नाही असं नाही. दोन अंगठे शेजारी ठेवले तर झाकून जाईल एवढा. त्यावर मिनिटं-सेकंद दिसतात आणि आवाजाच्या नाचणाऱ्या पट्ट्या, बस्स. मला पंचवीस हजारांच्या थोडं आतच पडलं.

हे घेण्याचं कारण सरळ होतं. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करायच्या आणि रात्री पुन्हा लॅपटॉप उघडून गाणं त्यावर करायचं, याला डोळे कंटाळले होते. आमच्या भजनी मंडळात मी कोरसला बसतो, घरी पेटी आहे, कधीमधी एखाद्या अभंगाला चाल लावतो. चाल सुचली की लॅपटॉप उघडायचा. तो अपडेट मागायचा. मग त्याचा पंखा सुरू व्हायचा आणि तो पंखा माइकमध्ये यायचा. पण हे सगळं चालवून घेतलं असतं. खरी अडचण वेगळी होती, आणि ती मला यंत्र आल्यावर कळली.

लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर आधी लय विचारतं. मिनिटाला किती मात्रा? आकडा दिला की पडद्यावर उभ्या रेघा पडतात आणि सगळ्यांनी त्या रेघांवर वाजवायचं. आता गजर कुठल्या रेघेवर बसवणार? भजनी ठेका आठ मात्रांचा, पण त्या आठ मात्रा सुरुवातीला जेवढ्या लांब असतात तेवढ्या शेवटी राहत नाहीत. मी एकदा आमचाच एक गजर घड्याळ लावून मोजला. मिनिटाला नव्वद मात्रांच्या आसपास सुरू झालेला, संपताना दीडशेच्या पुढे गेला होता. आणि तो टप्प्याटप्प्यानेही चढत नाही. बुवा मान हलवतात, पखवाजवाला समजतो, झांज त्याच्या मागे जाते. गेल्या वर्षी याच पखवाजवाल्याला मी कानात टिक-टिक लावून वाजवायला बसवलं होतं. त्याने वाजवलं बिनचूक, आणि ऐकल्यावर आम्हां कोणालाच ते आमचं वाटेना. वर मी रात्री बसून मागे-पुढे झालेल्या थापा माउसने ओढून रेघेवर आणत होतो. बुवा एकदा मागून येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गाणा बघतस कित्या रे? आयक." मी हसण्यावारी नेलं होतं.

या यंत्रात रेघा नाहीत. क्लिक, म्हणजे लयीची टिक-टिक, आहे, पण तो बंद ठेवला की त्याचं कोणाला काही देणंघेणं नसतं. लय चढू दे, उतरू दे, ते नुसतं ऐकत राहतं.

मात्र रेघा गेल्या की दुसरा प्रश्न उभा राहतो: नंतरचे लोक कशाच्या आधाराने वाजवणार? एका वेळी दोनच माइक, आणि आम्ही दहा जण. बरीच खटपट करून जे बसलं ते असं. एक माइक बुवांचं तोंड आणि पेटी यांच्या मधोमध, पेटीपासून हात-दीड हात वर, म्हणजे भात्याची फुसफूस त्यात कमी येते. दुसरा पखवाजाच्या धुम्याकडे थोडा तिरका. हे दोन ट्रॅक आधी एका दमात. नंतर झांज. त्यानंतर कोरस, दोनदा. शेवटी चकी, तेही ठेक्याचंच वाद्य.

झांजेचा दिवस मी विसरणार नाही. आमचा झांजवाला वीस वर्षं वाजवतोय. हेडफोन लावून बसवला तर पहिल्या दोन मिनिटांत तीनदा चुकला. चौथ्यांदा त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्याला पखवाज ऐकू येत होता, पण हात दिसत नव्हता! इतकी वर्षं तो झांज वाजवत होता ती पखवाजवाल्याच्या उजव्या हाताकडे बघून. शेवटी हेडफोनला दोन तोंडांची वायर लावली, पखवाजवाल्याला त्याच्यासमोर बसवलं, दोघांच्या कानात तेच रेकॉर्डिंग, आणि पखवाजवाला आपलंच वाजवणं ऐकत हवेत हात फिरवतोय. माजघरात बाकी काही आवाज नाही, नुसती झांज आणि हवेत फिरणारे दोन हात. आई दारात येऊन बघून परत गेली. पण ट्रॅक एका दमात मिळाला, आणि लय जिथे चढते तिथे झांज अशी काही वर येते की अजून ऐकताना मी तिथे थांबतो.

कोरसलाही हीच युक्ती. हेडफोन दोनच, गाणारे पाच. दोघांच्या कानात, तेही एकच कान झाकून. बाकीचे तिघे त्यांच्या तोंडाकडे बघून उचलतात.

लेव्हलचं, म्हणजे माइकचा आवाज किती जोरात आत घ्यायचा त्याचं, इथेच सांगून टाकतो, कारण नवीन घेणारा पहिली चूक इथेच करतो. सराव करताना जी लेव्हल लावाल ती खरं रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पुरत नाही. 'चला, आता घेतोय' म्हटलं की प्रत्येकाचा हात जड होतो, आणि झांज तर विचारूच नका. पट्ट्या वरच्या टोकाला लागल्या की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही. सरावात पट्टी उणे बारा डेसिबलच्या आसपास खेळत राहील अशी ठेवा. हे यंत्र १६ बिटचं आहे, म्हणजे बारीक आवाज टिपायची त्याची ताकद बेताची, त्यामुळे अगदीच खाली ठेवूनही चालत नाही. मोबाइलवर हे काही बघावं लागत नाही, पण बहुतेक मोबाइल आपल्या मनाने आवाज वर-खाली करतात. झांज पडली की बुवांचा आवाज दबतो, झांज थांबली की हळूहळू वर येतो, जणू कोणी दार उघड-बंद करतंय. सुचलेली चाल धरून ठेवायला मोबाइल उत्तम. भजनाला नाही.

आता तक्रारी. फाइलला नाव द्यायला एक गोल बटण फिरवत एकेक इंग्रजी अक्षर निवडावं लागतं. 'भैरवी' लिहिता लिहिता भैरवी संपते. मी तो नाद सोडला. आता प्रत्येक टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, संपला की मी माइकमध्येच बोलतो: अभंग कुठला, पट्टी कुठली, तारीख काय. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा तीनेक मिनिटांची तबकडी संपता संपता त्या आपलं नाव इंग्रजीत सांगत. अजूनही ती रेकॉर्डिंग्ज ऐकायला मिळतात. आमच्या टेकच्या शेवटी "काळी एक, तुकोबांचा अभंग, तिसरा प्रयत्न" असं ऐकून मंडळातली पोरं खिदळतात.

सेल हा दुसरा वैताग. साध्या चार सेलवर माझ्याकडे चार-साडेचार तास निघतात. पण ज्या माइकना ४८ व्होल्ट पुरवावे लागतात ते लावले की अडीच तासांत मान टाकतं. चार्ज होणारे सेल घ्या, दोन जोड, आणि यंत्राच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. ते सेल दीड नाही तर सव्वा व्होल्टच्या आसपास चालतात, त्यामुळे प्रकार बदलला नाही तर पुरेसे भरलेले सेलही संपत आल्याचं दाखवतं. सरळ विजेवर चालवा असं सांगितलं असतं, पण आमच्याकडे जूनमध्ये वीज येते-जाते. मृगाच्या पावसात एकदा रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, आत सेल नव्हते, आणि आख्खा अर्धा तास हवेत विरला. हे यंत्र गाणं बंद करताना नोंद पुरी करतं. मध्येच वीज गेली तर घेतलेलं हाती लागेलच असं नाही. तेव्हापासून विजेवर असलं तरी आत सेल असतातच.

आणि एक माझीच चूक. चार नंबरवर कोरस घ्यायचा होता. रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तीनवर, आणि तीनवर बुवांची गवळण होती. केलेलं रद्द करून मागे फिरायची सोय आहे, पण मला चूक कळली ती आणखी दोन टेक घेतल्यावर. लॅपटॉपवर असती तर कुठल्यातरी फोल्डरमध्ये सापडली असती. बुवांना सांगायला गेलो तेव्हा ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "जांवदे. गळो बरो आसलो तर उद्या म्हणूया." दुसऱ्या दिवशीची गवळण वेगळी झाली. बरी की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुरुस्तीचं थोडक्यात: सहा महिन्यांच्या आत मागची एक खाच सैल झाली, माइक खरखरायला लागला. कोकणात दुरुस्ती नाही. पाठवा, वाट बघा, फोन करा. परत आलं ते ठीक करून, पण वॉरंटीत असताना बिल कशाचं, यावर अजून पत्रव्यवहार चालू आहे. तेव्हा दुकानदाराला घेण्याआधी दुरुस्तीचा पत्ता विचारा.

एका गोष्टीसाठी मात्र यंत्राचे सगळे गुन्हे माफ. आमच्या आधीच्या बुवांच्या काही कॅसेट मंडळाकडे आहेत. गळा काय होता! पण त्या कॅसेट ज्या टेपवर भरल्या तो टेप किंचित जोरात धावत होता की हळू, कोणास ठाऊक. त्यांचा षड्ज पेटीच्या दोन स्वरांच्या मधल्या फटीत पडतो. त्यामुळे त्यांच्यासोबत पेटी धरून चाल शिकायची तर कानाला टोचायचं. या यंत्रात वेग सहा टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो, आणि वेगाबरोबर स्वरही सरकतो. सहा टक्के म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पट्टी, पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर. कॅसेट यंत्रात भरली, एका हाताने पेटीची काळी एक दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने वेगाचं बटण हळूहळू फिरवत गेलो. स्वर जवळ येत येत, थरथरत थरथरत, एका क्षणी दोन्हींचा एकच झाला. तिथे हात काढला. बुवा शेजारी होते. त्यांनी काही न बोलता पेटी आपल्याकडे ओढली आणि आपल्या गुरूंच्या मागे वाजवायला लागले.

कॅसेटवरून आठवलं. घरी बसून एकेक ट्रॅक भरत जायची ही पद्धत कॅसेटपासूनचीच. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने पहिला पोर्टास्टुडिओ काढला तो साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा होता; दोन्ही बाजूंची जागा एकाच दिशेने वापरायची आणि टेप दुप्पट वेगाने पळवायची. ट्रॅक संपले की तीन मिळून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्यांवर पुढचं भरायचं, प्रत्येक उतरवणीला थोडी सरसर वाढायची. आमच्याकडे ती सरसर नाही, पण बाकी गणित तेच. गणपतीच्या आधी आठ ट्रॅक भरले आणि चकी राहिली. मग झांज आणि दोन्ही कोरस मिळून दोन ट्रॅकवर उतरवले. झांज किती, कोरस किती, हे त्या वेळीच ठरवावं लागलं. नंतर वेगळं करता येत नाही. माजघरात सहा जण बसून अर्धा तास वाद घालत होतो. लॅपटॉपवर असतं तर मी एकट्याने रात्री दोनला ठरवलं असतं आणि सकाळी बदललं असतं.

लॅपटॉप पूर्ण सुटला असं मात्र नाही. टेकच्या आधीचा खोकला कापणं, शेवटचा मिश्र आवाज सारखा करणं आणि लोकांना पाठवणं, एवढं अजून त्यावरच करतो, कारण यंत्रावर कापाकापी करणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. तेवढ्यासाठी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं की काम होतं. आठही ट्रॅक भरत गेलं तरी ३२ जीबीच्या कार्डावर बारा तासांच्या वर मावतं, त्यामुळे जागेची चिंता नाही. चिंता कौलांवरच्या पावसाची. आषाढात माजघरात रेकॉर्डिंग होतच नाही. सगळ्या गोधड्या भिंतींना टांगून पाहिल्या, पाऊस वरून येतो.

कोणी घ्यावं? ज्याला वीस वाद्यं रचायची आहेत, एकेका थापेवर काम करायचं आहे, त्याने नको, चिडचिड होईल. चार-पाच माणसं एकत्र बसून वाजवणार असतील आणि एकाला तरी माहितीपुस्तिका वाचायची चिकाटी असेल, तर घ्या.

दत्तजयंतीच्या आधी उरलेल्या कॅसेट भरायच्या आहेत. त्यातल्या एकीची फीत आत गुंडाळली गेलीय. काल पेन्सिल घालून अर्धी सोडवली.