दारू सोडण्यासाठीचा आधारगट: आठ महिने वापरल्यावर

ज्याचे हात सकाळी घेतल्याशिवाय थांबत नाहीत त्याने गटाचा पत्ता शोधू नये, आधी डॉक्टर गाठावा. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत घाम, थरथर, उलटी आणि निद्रानाश सुरू होतो. फिट आलीच तर बहुधा पहिल्या 48 तासांत येते आणि भ्रम, भास साधारण 48 ते 96 तासांत. हे जिवावर बेतू शकतं. गटातली माणसं कितीही अनुभवी असली तरी हे त्यांचं काम नाही.

गट शोधताना पहिली चूक होते ती प्रकारात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन यांच्या भेटीतून उभी राहिली. ती पिणाऱ्याची. अल-अनॉन 1951 पासूनची, ती घरच्यांची. बायको किंवा वडील चुकून ए.ए.च्या बंद सभेला पोचतात आणि दारातून परत येतात. बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, खुल्या सभेत कोणीही बसू शकतं. ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडायचा तिचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम, नकोत, विचार आणि सवयी बदलायची तंत्रं हवीत, अशांसाठी स्मार्ट रिकव्हरी आहे, 1994 पासून. छापील किंवा ऑनलाइन यादीवर मात्र विसंबू नका. सभा बंद पडतात, खोल्या बदलतात आणि यादी तशीच राहते. आधी फोन करून चार गोष्टी विचारा: सभा चालू आहे का, खुली की बंद, कोणत्या भाषेत आणि नेमकं कोणतं दार. नवा माणूस बंद दारासमोर उभा राहिला की पुन्हा येत नाही.

सभा तास-दीड तासाची. सुरुवातीला वाचन, मग एकेकाचं शेअरिंग, साधारण तीन ते पाच मिनिटं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. नुसतं पहिलं नाव पुरतं आणि ‘आज फक्त ऐकतो’ एवढं म्हटलं तरी चालतं. फी नाही. डबा फिरतो, पण टाकलंच पाहिजे असं नाही. ए.ए.चे गट बाहेरची देणगी घेतच नाहीत.

खरं काम सभेच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांत होतं. शेवटची प्रार्थना संपताच जो जिना उतरतो, त्याच्या हाती त्या दिवशी ऐकलेल्या चार गोष्टी उरतात. जो थांबतो त्याला फोन नंबर मिळतात. तीन-चार तरी घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काहीही बिनसलेलं नसताना, प्रत्येकाला दोन मिनिटांचा फोन करा. सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच. तलफ उसळते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. त्या वेळात अनोळखी माणसाला पहिल्यांदा फोन लावणं डोंगराएवढं वाटतं. आधी चार वेळा लावलेला असला की बोट आपसूक जातं. फोन पिण्याआधी करायचा असतो. प्यायल्यावर केला तर बोलणं होतं, उपयोग फारसा होत नाही.

स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सोबत करणारा जुना सभासद, निवडताना घाई नको. किमान वर्षभर कोरडा, म्हणजे दारूला न शिवलेला, शक्यतो आपल्याच लिंगाचा आणि फोन उचलणारा माणूस पाहा. तोवर तात्पुरता स्पॉन्सर मागता येतो. बदलला तर कोणी रुसत नाही, निदान रुसू नये. पैसे मागणारा किंवा ‘गोळ्या घेणं म्हणजे खरी सोब्रायटी (दारूमुक्ती) नव्हे’ म्हणणारा स्पॉन्सर त्याच दिवशी सोडावा. नाल्ट्रेक्सोन, डायसल्फिराम ही दारू सोडवायची औषधं किंवा नैराश्याची औषधं यांचा निर्णय डॉक्टरांचा. सभासदाने डॉक्टर होऊ नये, हे ए.ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेतच आहे.

तक्रारीच्या दोन जागा. बारांपैकी निम्म्या पायऱ्यांत देव किंवा आपल्याहून मोठी शक्ती येते. ‘आपल्याला उमगला तसा’ ही पुस्ती असली तरी काही गट ती विसरतात. अशा वेळी पद्धत नव्हे, आधी गट बदलून पाहावा. दुसरी जागा दिवसांची मोजणी. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलं, की चिप (कोरड्या दिवसांचं नाणं) पुन्हा 24 तासांची. शिस्त म्हणून ठीक आहे, पण गळती इथेच होते: शंभर दिवसांचा माणूस शून्य सांगायच्या लाजेने गायब होतो. चांगल्या गटात त्याला कोणीतरी फोन करतं. गट पारखायची याहून चांगली खूण नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येतो, तीच माणसं, त्याच कहाण्या. त्यावर जास्त सभा हा उपाय नाही. खुर्च्या मांडणं, किल्ली सांभाळणं असं एखादं काम मागून घ्या. काम असलं की गैरहजेरी लक्षात येते.

परिणामाचं म्हणाल तर कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसं होती. आखीव पद्धतीने ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने 42 टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांनंतर 35 टक्के. ‘जोडून देणं’ हे शब्द महत्त्वाचे. पत्ता लिहिलेली चिठ्ठी हातात दिली म्हणजे जोडणं झालं नाही.

ऑनलाइन सभा रात्री-अपरात्री फार उपयोगी पडते. फक्त आत शिरण्याआधी स्क्रीनवरचं नाव बदला. ऑफिसचं खातं उघडं असेल तर पूर्ण नाव, आडनाव आणि कधीकधी फोटोही सगळ्यांना दिसतो.