बिनकाटेरी करडई ‘नारी-६’: बियाण्याविषयी अभिप्राय

करडईच्या वाणाची चर्चा सहसा उताऱ्यापासून सुरू होते. परंतु फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नारी-६’ या वाणाचे खरे मोल काढणीच्या दिवशी कळते. काटेरी करडई कापायची म्हणजे दवाने काटे मऊ असेपर्यंत पहाटेच काम उरकायचे, हातापायांना फडकी गुंडाळायची, आणि एवढे करूनही मजूर येतील याची खात्री नसते. या वाणाची पाने व बोंडे बिनकाटेरी असल्याने कापणी कोणत्याही वेळी करता येते, शिवाय चहासाठी वापरल्या जाणाऱ्या पाकळ्याही हाताने वेचता येतात. माझ्या मते एवढ्या एका गुणासाठीसुद्धा हे बियाणे घेण्यासारखे आहे.

मात्र घरचे बियाणे राखणाऱ्यांनी या गुणाचा वारसा नीट समजून घ्यावा. करडईत काटेरीपणा हा प्रभावी गुण आहे आणि बिनकाटेरीपणा अप्रभावी, म्हणजे दोहोंचा संकर झाला की काटेरीपणाच दिसतो. पीक मुख्यत्वे स्वपरागी असले तरी मधमाश्या शेजारच्या काटेरी करडईचे पराग आणतात, आणि अशा संकरातून आलेले बी पुढच्या हंगामात पेरले की काटेरी झाडे उगवतात. यातली जमेची बाजू अशी, की ही भेसळ लपून राहत नाही: कळी धरताच काटे दिसतात, आणि फुले उमलण्यापूर्वी ती झाडे उपटली तर त्यांचे पराग पुढे पसरत नाहीत. उलट, काटेरी वाणात शिरलेला बिनकाटेरी गुण पहिल्या पिढीत दिसतच नाही. म्हणून शुद्धता राखण्याच्या दृष्टीने बिनकाटेरी वाण मला अधिक सोयीचे वाटते. फक्त बियाण्यासाठी राखायचा तुकडा काटेरी करडईपासून पुरेसा दूर हवा.

गव्हा-ज्वारीच्या कडेने गुरे अडवण्यासाठी करडईच्या ओळी लावणाऱ्यांनी अर्थातच काटेरी वाणच घ्यावे. मावा ही रस शोषणारी कीड बिनकाटेरी करडईवरही पडते, त्यामुळे तिच्यापासून पीक वाचवण्यासाठी कोरडवाहू पेरणी सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटोपण्याचा नियम येथेही पाळावाच लागतो.