पैसे तुमच्याच खात्यात राहतील, फक्त सर्व्हर आमचा

"भांडवलातला एक रुपयाही आम्हाला द्यायचा नाही. पैसे तुमच्याच ट्रेडिंग खात्यात राहतील. काढले तर तुमच्याच बँकेत येतील." शेअर बाजारात आपोआप सौदे करणारं सॉफ्टवेअर लावून देणाऱ्या पोराची ही तिन्ही वाक्यं शब्दशः खरी होती. तरीही एका दुपारी माझ्या मामांच्या खात्यातून सहा लाखांवर रक्कम गेली. ती कुठल्याही बँक खात्यात वळती झाली नाही, कुणी ओटीपी विचारला नाही, मामांनी कुठल्याही लिंकवर बोट ठेवलं नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय. धुळे, जळगाव, नंदुरबार या पट्ट्यात असा 'अल्गो सेटअप' करून देणारी पोरं आता लग्नाकार्यात भेटतात, आणि नेहमीच्या सावधगिरीच्या सूचना या प्रकाराला पुऱ्या पडत नाहीत.

मामा पारोळा तालुक्यातले. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली, तिचा मोबदला मुदत ठेवीत होता. वर्षानुवर्षं कापूस विकलेला माणूस, व्यापाऱ्याच्या काट्यावर नजर ठेवणारा. फोनवर वाजणारी सायबर फसवणुकीची सूचना त्यांना तोंडपाठ होती. समोरचा पोरगा आपल्याच भागातला, घरात अहिराणी बोलणारा, एका साखरपुड्यात पाहुण्यांनी ओळख करून दिलेला. तो म्हणाला, "मामा, आते सेबीना नवा नियम उना शे. सॉफ्टवेअरवरून सौदे करायचे तर स्वतःचा सर्व्हर लागतोच."

नियम खरा आहे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार एपीआयमार्फत, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर थेट ब्रोकरच्या यंत्रणेला जोडून, ऑर्डर पाठवायची असेल तर ती ब्रोकरकडे नोंदवलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरूनच, यायला हवी. आपल्या घरच्या इंटरनेटचा किंवा मोबाइलचा आयपी पत्ता बदलत राहतो. त्यामुळे डेटा सेंटरमधला एक छोटा आभासी सर्व्हर भाड्याने घ्यायचा, त्याला कायमचा पत्ता मिळतो, सॉफ्टवेअर त्यावर चालतं, आणि गावात लाइट गेली तरी ते बंद पडत नाही. यात काहीही गैर नाही. मी स्वतः धुळ्यात नेटवर्किंगची कामं करतो, असे सर्व्हर लोकांना लावून देतो. गैर होतं ते पुढे.

सर्व्हर त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतला. मामांना सांगितलं, "आयुष्यभरासाठी सर्व्हर, सॉफ्टवेअरसकट पस्तीस हजार." सर्व्हर असा आयुष्यभरासाठी विकत मिळत नाही. तो महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याने मिळतो, आणि भाडं ज्याच्या नावावर त्याच्याकडे होस्टिंग कंपनीचं कंट्रोल पॅनेल असतं. पॅनेलवाला माणूस अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पाहिजे तेव्हा बदलू शकतो, स्क्रीन उघडू शकतो, सगळी डिस्क उतरवून घेऊ शकतो, सर्व्हर पुसून टाकू शकतो. तिजोरी आपली, पण ठेवलेली दुसऱ्याच्या घरात, असा तो मामला.

मग त्याने मामांना देवपुरातल्या आपल्या ऑफिसात बसवलं आणि त्यांच्यासमोरच ब्रोकरच्या साइटवर एपीआय की, म्हणजे सॉफ्टवेअरला आत सोडणारी किल्ली, तयार केली, सर्व्हरचा आयपी नोंदवला. दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड ज्या क्यूआरवरून सुरू होतो, तो क्यूआर त्याने मामांच्या फोनवर स्कॅन केला आणि त्याखालचा अक्षरी क्रमांक सर्व्हरवरच्या फाइलमध्येही टाकला. कारण पटण्यासारखं होतं: लॉगिन रोज संपतं, बाजार सव्वानऊला उघडतो, त्याआधी सॉफ्टवेअरला आपोआप आत जावं लागतं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हा मामांचा नियम अजिबात मोडला गेला नाही. ओटीपी त्याने मागितलाच नाही. ओटीपी ज्यातून तयार होतो तो गुप्त क्रमांकच त्याच्या हाती गेला. या दोन गोष्टींतला फरक कुठल्याही जाहिरातीत सांगितलेला मी पाहिला नाही.

सुरुवातीला सगळं सुरळीत. सॉफ्टवेअर खरंच चालत होतं, निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्कात, लहान लहान सौदे करत होतं, कधी दोन हजार वर, कधी हजार खाली. मामा फोनवरून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे त्या सर्व्हरची स्क्रीन, उघडून आकडे बघायचे. एक्स्चेंजकडून, म्हणजे शेअर बाजाराकडून, सौद्यांचे एसएमएस यायचे, ब्रोकरकडून रोज कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांचा हिशेब. दिवसाला इतके सौदे झाले की ते मेसेज वाचणं कुणालाही अशक्य. मला वाटतं, ते लहान सौदे त्यासाठीच होते. खात्यात साडेसात लाख झाल्यावर, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान खातं रिकामं केलं गेलं.

कसं, ते नीट समजून घ्या. एखाद्या शेअरचा, बाजारभावापासून फार लांबच्या स्ट्राइकचा, म्हणजे ठरलेल्या भावाचा, ऑप्शन असतो. त्यात गिऱ्हाईक जवळपास नसतं. ऑर्डर बुकमध्ये दोन-चार ऑर्डरी, त्याही तुरळक. अशा ठिकाणी चोर आपल्या किंवा आपल्या माणसाच्या खात्यातून विक्रीची ऑर्डर चढ्या भावाने लावतो आणि तुमच्या खात्यातून तीच विकत घेतो. एक्स्चेंज ऑर्डरच्या भावाला मर्यादा घालतं, म्हणून भाव पायरीपायरीने चढवला जातो. मग लगेच तुमच्या खात्यातून तोच ऑप्शन मातीमोल भावाने विकायला काढतो आणि स्वतः परत घेतो. मामांच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये खरेदीची सरासरी २४ रुपये होती, विक्रीची ४. लॉट, म्हणजे एक गठ्ठा, ७०० चा. म्हणजे लॉटमागे १४,०००. आलटून पालटून ४४ लॉट फिरवले: ६,१६,०००, वर ब्रोकरेज आणि कर वेगळे. मामांना जो तोटा झाला, तोच समोरच्या खात्यात नफा म्हणून बसला. कागदावर मात्र तो एक साधा तोट्यातला सौदा.

संध्याकाळी मामांनी फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "भो, पैसा तर मनाच खातामा व्हतात ना?" (पैसे तर माझ्याच खात्यात होते ना?) त्यांचं डोकं त्या वाक्यावरच अडलं होतं.

त्याच रात्री मी मामांच्या लॉगिनने सर्व्हरवर शिरलो. ते लॉगिन त्या पोराने अॅडमिनिस्ट्रेटर गटात ठेवलं होतं, त्यामुळे बरंच दिसलं. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन आवृत्ती असल्याचं लिहिलेलं. ही चाचणीची आवृत्ती १८० दिवसांची असते, म्हणजे 'आयुष्यभर' शब्दाची मुदत तिथेच कळली. "सर्व्हर बीकेसीत, एनएसईच्या शेजारी" असं त्याने सांगितलं होतं. आयपीची नोंद तपासली तर पत्ता जर्मनीतल्या होस्टिंगचा निघाला. एनएसईच्या कोलोकेशनमधली, म्हणजे एक्स्चेंजच्याच आवारातली, सर्व्हरची रॅक एक्स्चेंजच्या सदस्यांना मिळते, पारोळ्याच्या शेतकऱ्याच्या नावावर नाही. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल होती आणि तिच्यात सगळं उघडं: क्लायंट कोड, पासवर्ड, एपीआयची गुप्त की, आणि तो क्यूआरखालचा क्रमांक. शेजारी आणखी काही क्लायंट कोडच्या नावांची फोल्डरं.

विंडोजच्या सुरक्षा नोंदी पुसलेल्या होत्या. पण नोंदी पुसल्या की पुसल्याचीच एक नोंद मागे राहते, क्रमांक ११०२, आणि तिच्यावरची वेळ त्याच दुपारची होती. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रांची वेगळी यादी असते, ती पुसायची राहिली होती. त्यात दोन वाजण्याच्या जरा आधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कुणीतरी आत आल्याचं दिसत होतं, कुठल्या आयपीवरून तेही. मी सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले, दुसऱ्या फोनवर व्हिडिओ काढला, फाइलींच्या प्रती घेतल्या. सकाळी सर्व्हर बंद. परत कधी सुरू झाला नाही. पॅनेल त्याच्या हातात होतं, म्हणून पुरावाही त्याच्याच हातात होता. कुणावर ही वेळ आली तर पोलिसांकडे जायच्या आधी, पहिल्या तासात, हे सगळं उतरवून घ्या. पुढे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे कोणत्या फोनवर, कोणी, केव्हा काढलं हे लिहून ठेवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथे पैसे कोणत्या खात्यात गेले ते विचारतात, म्हणजे ते खातं गोठवता येतं. आमच्याकडे फक्त पस्तीस हजारांचा यूपीआय व्यवहार होता. सहा लाखांना खातंच नव्हतं. बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून तक्रार नोंदवून घेतली. पुढे जळगावला सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आणि सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवरही.

ब्रोकरचं उत्तर मात्र मला अजून सहन होत नाही. त्यांनी लिहिलं: ऑर्डरी तुमच्या एपीआय कीवरून आल्या, तुम्हीच नोंदवलेल्या आयपीवरून आल्या, दोन टप्प्यांच्या लॉगिननंतर आल्या. तिन्ही मुद्दे बरोबर. ग्राहकाच्या सुरक्षेसाठी आणलेला स्टॅटिक आयपी चोराच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, कारण तो पत्ता मामांच्या नावाने नोंदला होता आणि यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात होतं. एकाच खात्यातून पाच मिनिटांत २४ ला घेऊन ४ ला विकण्याचा प्रकार ४४ लॉटपर्यंत चालतो, तेव्हा कुठल्याही यंत्रणेत घंटा वाजायला नको का?

गावात लोक म्हणतात, लालच नडली. मला हे मान्य नाही. आठवड्यात दुप्पट करून देतो असं कुणी म्हटलं असतं तर मामांनी त्याला ओट्यावरून उठवलं असतं. त्यांनी पैसे आपल्या हाताखाली राहतील एवढंच पाहिलं. ऑप्शनचा धंदाच धोक्याचा आहे, हे खरं; सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांचा तोटा झाल्याचं दिसलं. पण बाजारात हरणं वेगळं आणि हे वेगळं. दोन्ही एका पारड्यात टाकलं की चोर सुटतो.

सर्व्हर घ्यायचाच असेल तर होस्टिंगचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा, भाडं स्वतःच्या कार्डाने भरा, बिल स्वतःच्या नावाने येऊ द्या. लावून द्यायला माहीतगार माणूस बोलवा, त्याची मजुरी द्या, आणि तो गेल्यावर सगळे पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला. माझ्यासारख्याने लावला तरी बदला. क्यूआरखालचा क्रमांक कुणालाही देऊ नका. ज्या प्रोग्रॅमच्या आत काय लिहिलंय ते दिसत नाही, तो तुमच्या सर्व्हरवरचं काहीही वाचून बाहेर पाठवू शकतो, हेही धरून चाला. अल्गो विकणाऱ्याचं नाव एक्स्चेंजच्या नोंदीत हवं, अल्गोलाही एक्स्चेंजचा क्रमांक हवा. त्याच परिपत्रकात ते आहे. "आम्ही छोटे आहोत, आम्हाला लागत नाही" असं कुणी म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा.

आणि आजच कुणाच्या सर्व्हरवर तुमची माहिती पडून असेल तर त्या माणसाला फोन करू नका, तो सावध होईल. आधी ब्रोकरच्या साइटवर जाऊन एपीआय की रद्द करा. मग पासवर्ड बदला, अॅथेंटिकेटर (बदलता कोड देणारं अॅप) नव्याने जोडा म्हणजे जुना क्रमांक मरतो, नोंदवलेला आयपी काढा, बाकी सगळी सत्रं बंद करा. वायदे-ऑप्शनचा विभाग खात्यावर बंद करून ठेवता येतो, तोही करा.

मामांच्या तक्रारीचा तपास चालू आहे. समोरचं खातं कुणाचं, हे कॉन्ट्रॅक्ट नोटवर नसतं, ते फक्त एक्स्चेंजकडे असतं आणि पोलीस किंवा सेबीने मागितलं तरच मिळतं. त्या सर्व्हरवर मामांच्या शेजारी इतरांची फोल्डरं होती, म्हणजे आणखी घरं आहेत. तुमच्या कुणाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये एखाद्या अनोळखी शेअरचा लांबच्या स्ट्राइकचा ऑप्शन मिनिटाभरात चढ्या भावाने घेऊन पडत्या भावाने विकलेला दिसला, तर तोटा समजून फाइल बंद करू नका. सौद्याचा क्रमांक आणि वेळ त्या नोटवर छापलेली असते. ती घेऊन आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा आणि जळगावला अशीच तक्रार आहे असं सांगा. चार नोटांच्या समोर एकच खातं निघालं, तर मग त्याला तो साधा सौदा म्हणता येणार नाही.