विल्मा–ख्रिस्तोफर की बेया–जॉन लॉइड: फिलिपिनो मेलोड्रामा कुठून सुरू करावा?

फिलिपिनो मेलोड्रामा लव्ह टीमवर चालतो, म्हणजे पडद्यावर पुन्हा पुन्हा एकत्र येणाऱ्या नायक-नायिकेच्या जोडीवर. नोरा ऑनर–तिर्सो क्रूझसारख्या सत्तरच्या दशकातल्या कोवळ्या जोड्या इथे बाजूला ठेवतो. १९७०च्या आसपासचे ‘बोम्बा’ आणि नंतरचे ‘बोल्ड’ हे कामुक चित्रपटही. ती वाटच निराळी. लग्न, बाहेरचे संबंध, विस्कटलेला संसार अशा मोठ्यांच्या गोष्टी बघायच्या असतील, तर माझ्या मते निवड दोन जोड्यांत आहे.

एक, विल्मा सांतोस आणि ख्रिस्तोफर दे लेऑन. त्यातही दिग्दर्शक इश्माएल बेर्नालचे ‘रेलास्योन’ (१९८२) आणि ‘ब्रोकन मॅरेज’ (१९८३). दुसरी, बेया आलोन्झो आणि जॉन लॉइड क्रूझ: ‘वन मोअर चान्स’ (२००७), ‘द मिस्ट्रेस’ (२०१२), ‘अ सेकंड चान्स’ (२०१५).

दोघांच्याही मागे तोच देश आणि तोच पेच आहे. मुस्लिम नागरिकांचा अपवाद सोडला तर फिलिपिन्समध्ये घटस्फोटाचा कायदा नाही. लग्न रद्द ठरवून घेता येतं, पण त्यात पैसा आणि वर्षं दोन्ही जातात. म्हणून ‘रेलास्योन’ची मारिलू इतकी कोंडीत सापडते. लग्न झालेला एमिल तिच्याकडे राहायला येतो, बायकोने करावं ते सगळं तिच्याकडून करून घेतो आणि एक दिवस अचानक मरतो. मूल तिचं, संसार तिनेच रेटलेला, पण कायद्याच्या लेखी ती कुणीच नाही. आपल्याकडे त्याच वर्षी ‘अर्थ’ आला. त्यात गोष्ट बायकोची होती, इथे दुसरीची आहे. या भूमिकेने विल्माला त्या वर्षीचे अभिनयाचे सगळे मोठे पुरस्कार मिळवून दिले, आणि ते बघताना पटतं.

बेया–जॉन लॉइडला कमी लेखत नाही. टीव्हीपासून एकत्र काम केलेली ही माणसं. एकमेकांसमोर उभी राहिली की अवघडलेपण औषधालाही सापडत नाही. चित्र स्वच्छ, वेग आजच्या प्रेक्षकाला झेपणारा. जॉन लॉइड रडतो तेव्हा खरंच रडतो.

माझं घोडं अडलं ते संवादांवर. मला या चित्रपटांची भाषा, तागालोग, येत नाही, सबटायटल्स वाचावी लागतात. या नव्या चित्रपटांत ऐन भांडणात कुणीतरी थांबतं आणि मनातलं सगळं घोटीव वाक्यांत मांडतं. ‘वन मोअर चान्स’मधला ब्रेकअपनंतरच्या तीन महिन्यांचा नियम तर लोकांच्या तोंडी बसला आहे. पण ती वाक्यं वाचेपर्यंत माझी नजर पडद्याच्या तळाशीच अडकते. वर बघावं तर चेहरा हलून गेलेला. जोडी बघायला बसायचं आणि पट्टी वाचून उठायचं! भाषा कळणाऱ्याला कदाचित हे जाणवणारही नाही.

बेर्नालकडे माणसं बहुतेक वेळा साधंच बोलतात. ‘ब्रोकन मॅरेज’मधली दोघं नोकरी करणारी, घरात मुलं, आणि एकमेकांना विटलेली. तो पत्रकार, ती टीव्हीत. भांडण घरातल्याच गोष्टींवरून पेटतं, ओळ झटकन वाचून होते, मग विल्माच्या चेहऱ्याकडे बघायला सवड उरते. ख्रिस्तोफरचा हेकट, थोडासा आळशी नवरा तर न बोलताच कळतो.

अर्थात जुन्याचा त्रास आहेच. मी पाहिलेल्या प्रती विटलेल्या होत्या, आवाज मध्येच खोल गेल्यासारखा, सबटायटल्स कुठे कुठे गाळलेली. घरच्यांना सोबत घेऊन बसणार असाल तर हे आडवं येऊ शकतं. तेव्हा नवी जोडी सोयीची पडेल.

एकट्याने बघणार असाल तर मी ‘ब्रोकन मॅरेज’ आधी सुचवेन, ‘रेलास्योन’ नंतर. पहिल्यात निदान हसायला जागा आहे. आणि नवंच घ्यायचं ठरलं तर ‘द मिस्ट्रेस’ घ्या. त्यात जॉन लॉइडच्या आईच्या भूमिकेत हिल्डा कोरोनेल आहे, दिग्दर्शक लिनो ब्रोकाच्या ‘इन्सियांग’ची (१९७६) नायिका. तिच्या प्रसंगांत मी सबटायटल्स सोडून दिली.